कुंडात सोडलेला पाय

ता. २८ फेब्रुवारी ४४, सोमवार

डाव्या घोट्याजवळ फोड. बोराएवढा, वर चकाकी, आत आग. बघताक्षणी ओळखला. नारू. हा तिसरा. पहिला दहाव्या वर्षी, दुसरा मांडीत. तिसगाव सोडून सहा महिने झाले, अकोले तालुक्यातल्या या डोंगरात घाटाच्या कामावर येऊन बसलो, तरी हा मागोमाग आलाच.

मुकादम रावजी आपल्याच बाजूचा, पाथर्डीचा. त्याला पाय दाखवला. म्हणाला, "पाव्हणा आला व्हय रं? येऊ दे. सुरुंगाची भोकं दुसरा मारंल, तू बसून खडी फोड." संपलं. आमच्याकडं यावर याहून जास्त कोणी बोलत नाही.

पाडव्याच्या सुमाराला नगरला मिलिटरीच्या लॉरीवर भरती आहे. तोवर पाय बरा होतो. मग हा घाट, ही खडी, राम राम. एका जागी सहा महिने म्हणजे मला लई झाले.

ता. १ मार्च, बुधवार

पायाला निखारा बांधल्यागत. पहाटेच उठलो. ज्या वाडीत राहतो तिच्या वरच्या अंगाला कुंड आहे, दगडी, आठ पायऱ्या, कपारीतनं पाणी थेंब थेंब गळतं. बायका यायच्या आत गेलो. खालच्या पायरीवर बसून पाय घोट्याच्या वरपर्यंत सोडला. आहाहा. फोड फुटला, दुधागत पाणी निघालं, पसरलं, दिसेनासं झालं. आग गेली.

घरी बारवेवर असंच. पाच-सहा जण ओळीनं पाय सोडून बसायचो, तंबाखू, थट्टा, शेजारीच बाया घागरी बुडवायच्या. इथं एकटाच, म्हणून तेवढी मजा नाही आली.

ता. ३ मार्च, शुक्र.

नारूचं तोंड बाहेर आलं, पांढऱ्या दोऱ्यागत. बारीक काडी घेऊन एक वेढा दिला. रोज एक, फार तर दीड. ओढायचा नाही. ओढला की तुटतो, तुटला की पाय कामातनं गेला. भीमाकाका तसाच लंगडा झाला, घाईचा माणूस. घाईचा मी बी, पण नारूशी नाही.

मी कोंडाबाच्या पडवीत राहतो. तो न त्याची बायको सोनामावशी, भाताची चार खाचरं, दोन बैल. आज समदी वाडी त्या पडवीत जमली.

"साप हाय का त्यो?" कोंडाबा लांबूनच.

"साप न्हाई. नारू. दोरा समजा."

"अंगातनं दोरा?"

"आमच्याकडं घरटी एक तरी निघतोच."

मावशी म्हणाली, "म्हंजी तिकडची मानसं दोऱ्यानं शिवल्याली असत्यात! उसवली की पडली."

लई हसले. एक म्हातारा मात्र हसला नाही. माझ्यासमोरच कोंडाबाला विचारतो, "ह्याचं किती दिस हायेत?"

मी म्हटलं, "तुमाला पोचवून मगच जाईन, बाबा."

ता. ५ मार्च, रवि.

दुपारी कोंडाबा भर उन्हात घोंगडी घेऊन पडला. दात वाजतात, खाट खडखडते, डोळे पांढरे. मला वाटलं गेला. तसाच लंगडत मावशीकडं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"हिव हाय. आज पाळी. दिसाआड येतं. ऊन कललं का उठंल."

ऊन कललं. उठला, घाम पुसला, कुऱ्हाड घेऊन लाकडाला गेला. परत आल्यावर विचारलं, भ्या वाटत नाही?

"हिवाचं? आरं, हिव आमच्या घरचं. तुझा त्यो दोरा बघून मातर दोन दिस घास उतरला न्हाई."

इथल्या पोरांची पोटं हिवानं मडक्यागत. डाव्या कुशीत हाताला दगड लागतो. त्याला कोणी आजार म्हणत नाही. मावशीची तीन तान्ही पहिल्याच पावसाळ्यात गेली. सांगताना पोराचं सांगत नाही, सालाचं सांगते: "त्या साली भात मातर लई पिकलं हुतं."

आमचा आजा प्लेगाचं सांगायचा. उंदीर पडला की आख्खं गाव माळावर, दिवाळी झोपडीत. आईच्या तोंडावर देवीचे वण आहेत. लग्नात कोणी नाव ठेवलं नाही, बापाच्या तोंडावर तिच्याहून जास्त होते. आम्ही प्लेगाला भ्यायचो, पटकीला भ्यायचो, नारूला नाही. हे हिवाला भीत नाहीत. मी त्यांच्या हिवानं घाबरतो, ते माझ्या नारूनं. मला तर वाटतं माणूस मरणाला भीतच नाही, अनोळखी असलं तरच भितो. हे मु. रावजीला सांगितलं तर म्हणाला, खडी कमी झालीये आज.

ता. ७ मार्च, मंगळ.

देवी डॉक्टर आला, तट्टावर बसून. डॉक्टर नव्हे, टोचणारा, पण समदे तेच म्हणतात. पोरं रानात पळाली. दोघं मावशीच्या कणगीतनं निघाली.

टोचणं झाल्यावर पडवीत टेकला. माझ्या पायाकडं बघितलं. "तिसगावकडचा का रे?"

"व्हय."

"काडी बघूनच ओळखलं. पाय पाण्यात कुठं घातला होतास?"

तोंडातनं निघून गेलं, "न्हाई. आंगणात तांब्यानं पानी ओततो."

"शाबास. कुंडाकडं तर जाऊच नको. ते दुधासारखं सुटतं ना, ती त्याची पिल्लं. ती पिल्लं पाण्यातले बारीक किडे गिळतात. पंधरा दिवसांनी ते पाणी जो पिईल त्याच्या पोटात नारू. वर्षानं पायातून बाहेर."

"न मधलं वर्ष?"

"काही नाही. माणूस जेवतो, नाचतो, लग्न करतो. त्याला कळतही नाही." चहा पिता पिता म्हणाला, "बारा वर्षं मी या डोंगरात हिंडतोय. हिव घराघरात. नारू एकही पाहिला नाही."

उद्या घाट उतरून जाणार.

ता. ९ मार्च, गुरु. शिमगा.

पिल्लं म्हणे. शहाण्याला पगार कशाचा मिळतो ते कळलं. आजे-पणजे बारवेत पाय सोडून बसले, गाव काय ओस पडलं?

तरी पण मावशीच्या घरची काचेची बाटली घेतली, कुंडाचं पाणी भरलं, उन्हात धरली. पांढरे बारीक ठिपके. एका जागी राहत नाहीत, टुणटुण उड्या मारतात. मी हे लहानपणापासून बघतोय. बारवेच्या पाण्यात असेच असतात. घागरीत आले तर आई म्हणायची, "जिवंत पाणी हाय, पी."

एक तारखेला पाय सोडला. पंधरा दिवस म्हणजे सोळा. अजून आठवडा आहे.

संध्याकाळी होळी. समदी वाडी कुंडाचं पाणी पिऊन बोंबा मारत होती. मी बी मारल्या.

ता. ११ मार्च, शनि.

मु.ला सांगितलं. तो खो खो हसला. "येडा हाईस का? नारूनं कोन मरतं? आपल्याकडं समद्यांनाच हुतो." आठ दिवसांमागं मीही हेच म्हणालो असतो.

पण आमच्याकडं निघतो तेव्हा उन्हाळा, रान मोकळं, माणूस दोन महिने ओट्यावर पडला तरी जमतं. इथं त्याच वेळेला भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, मग लगेच पाऊस, लावणी. घरात दोन माणसं, त्यातलं एक पाय धरून बसलं तर भात कोण लावणार? आणि दिवसाआड हिव आहेच. एका अंगात हिव बी न नारू बी. ते कसं असेल मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, कारण अजून झालेलं नाही.

निघून गेलो तर कोणाला कळणार? वर्षानं काही निघालं तर म्हणतील पाण्याच्या देवतांचा, आसरांचा कोप. माझं नाव बी आठवणार नाही.

हेच खटकतंय.

ता. १२ मार्च, रवि.

सांगितलं.

कोंडाबा वाखाची दोरी वळत होता. म्हटलं, "कोंडाबा, मी कुंडात पाय सोडला हुता."

हात थांबला. "कवा?"

"मागल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी. पहाटं."

"धुतला?"

"सोडून बसलो."

"आसरांच्या पान्यात?"

मी पिल्लं सांगितली, किडे सांगितले, पंधरा दिवस, वर्ष. देवी डॉक्टरशी खोटं बोललो तेही सांगितलं. त्याच्या कानात एवढंच राहिलं की पाय. "आरं, आमचं तान्हं पोर बी तिथं पाय घालीत न्हाई." उठून गेला. दोरी तशीच अर्धी.

मावशीनं ताट वाढलं न आत निघून गेली. ताट आलं म्हणजे अजून हाकललं नाही, असं धरून जेवलो.

ता. १३ मार्च, सोम.

वाडी बसली. भगताला बोलावलं. मी आधीच ठरवलं होतं, शिव्या खायच्या पण कुंड उपसून घ्यायचं. बोलायला तोंड उघडणार तोच भगत म्हणाला, "पानी बाटलं. कुंड समदं उपसा, दगूड घासा, आसरांना न्हारळ द्या, मग नवं पानी भरू द्या." मला नाचावंसं वाटलं. देवी डॉक्टर न भगत, दोघांचा एकच इलाज!

"कवा करायचं?"

"पाडव्याला."

पाडवा पंचवीसला. सोळा तारखेपासून पाणी विषारी. म्हटलं, उद्याच करा.

"उद्या काय तुझ्या बापाचा वार हाय का?" भगत.

समदे हसले. म्हटलं, मग तोवर ओढ्याचं पाणी आणा. बाया अंगावर आल्या, उतरून चढून यायला निम्मा दिवस जातो. म्हटलं, मग गाळून प्या, दुहेरी फडक्यानं. हे तर त्यांना ओढ्याहून भारी वाटलं.

"राजूरचा मारवाडी पानी गाळून पितो. आमी काय मारवाडी हाव?"

मारवाडी म्हटल्यावर मला आठवलं. तिसगावात मारवाड्याचं एकच घर, आणि त्या घरात कोणाला नारू निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. आम्ही म्हणायचो, पैसेवाल्याला नारू बी भितो. ते तर रोज गाळून पीत होते. त्यांच्या धर्मात जीव मारायचा नाही म्हणून. जीव त्यांचा वाचला.

ता. १४ मार्च, मंगळ.

फडकी कुठून आणायची? धड लुगडंसुद्धा नाही कोणाकडं. माझं नवं धोतर काढलं. कोंडाबा दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला: "तुझ्या कमरंचं फडकं न आमी त्यातनं पानी प्यायचं?"

बरोबर होतं त्याचं. मग फेटा काढला. भरतीला साहेबापुढं बांधून जायचा म्हणून घेतलेला, गुलाबी. "डोक्याचा हाय, कमरंचा न्हाई," म्हणालो. लगेच फाडला. नऊ घरं, नऊ तुकडे. घागरीच्या तोंडावर दुहेरी बांधायचा, ओतायचं, मग फडकं उन्हात टाकायचं.

पहिली मावशीच पुढं झाली. "घ्या गं, मारवाडीन झाले मी! आता सोन्याच्या पाटल्या तेवढ्या ऱ्हायल्या." मग बाकीच्या हसत हसत.

कोंडाबा नाही. पायऱ्या उतरला, ओंजळ भरली, माझ्याकडं बघत बघत पिला.

ता. १९ मार्च, रवि.

आठ घरं गाळतात, मी रोज जाऊन बघतो. नववं घर गाळतं पण त्यातला धनी पीत नाही. मावशी म्हणते, "म्या काय त्याच्या नरड्याला बांधू फडकं?"

दुपारी घाटावरनं आलो तर कळलं, हिरडा वेचणारी माणसं पाणी पिऊन गेली, एक बाप्या न दोन बाया, पाट्या घेऊन. थेट कुंडातनं. कुठली? पलीकडच्या खोऱ्यातली. आणखी कोणाला काही ठाऊक नाही. डोंगराच्या धारेपर्यंत लंगडत गेलो. कोणी दिसलं नाही.

ता. २५ मार्च, पाडवा

कुंड उपसलं. मला खाली उतरू दिलं नाही, मीही उतरलो नसतो. वर उभा राहून दोरानं डबे ओढत होतो. खाली कोंडाबा, चिखलात गुडघ्याएवढा, भगत काठावरनं हुकूम सोडतोय. तळ दिसला तेव्हा बाया वाकून वाकून बघू लागल्या. त्यांनी जन्मात तळ बघितला नव्हता. पाणी उताराच्या रानात सोडलं, मु. आमची माणसं घेऊन आला होता, म्हणाला, "आता येडेपना करायचाच तर धड करू."

शेवटचे डबे चाललेले. दोर पायात आला, काडीला अडकला, हिसका. नारू तुटला. चार बोटं राहिला असेल आत.

मी हसलो. मग खाली बसलो.

ता. ३ एप्रिल, सोम.

पाय केळीच्या खुंटागत. ताप. लिहवत नाही. कोंडाबा रोज पाठीवर घेऊन अंगणात ठेवतो. मावशी कांदा भाजून बांधते. काल तो म्हातारा येऊन बघून गेला. काही विचारलं नाही त्यानं, त्याचीच भीती वाटली.

भरती होऊन गेली.

ता. २ मे, मंगळ.

गाठ फुटली, घाण गेली, काठीवर चालतो. घोटा थोडा आखडलाय, पण माझा पाय आहे, ऐकेल. भीमाकाकासारखं होत नाही. मु. म्हणतो, बसून करायचं काम देतो. देऊ दे.

आज कोंडाबा शेजारी येऊन बसला.

"माझ्या पोटात हाय का रं त्यो?"

"ठाव न्हाई, कोंडाबा."

"त्या दिशी पिलो नसतो. पन तू बघत हुतास."

"मग?"

"मग पिलो." नखानं माती उकरू लागला. "कवा कळंल?"

"पुढल्या शिमग्याच्या पुढं. पाऊस लागंस्तवर."

"मग तवर तू हितंच."

ही विनंती नव्हती. मी बरं म्हणालो. एका जागी वर्ष! मलाच खरं वाटेना. पण म्हणताना जड नाही गेलं. निघाला तर काडी कशी फिरवायची हे या डोंगरात मला एकट्याला येतं.

ता. २० ऑगस्ट, रवि.

मलाही आलं. हिव. अंगावर तीन घोंगड्या न वर मावशीनं पाट ठेवला तरी पाट नाचत होता. वाटलं आता काही खरं नाही, आईला निरोप सांगू लागलो. कोंडाबा पोट धरून हसतोय. "आरं, ऊन कलू दे! लगीच आईला कशाला बोलवतो एवढ्या लांबनं?"

ऊन नव्हतंच, दिवसभर पाऊस. तरी उठलो. मु.नं राजूरहून कडू गोळ्या आणल्या. सात मी खाल्ल्या, बाकी पोरांना वाटल्या, पोरांनी थुंकल्या.

लावणीला उभा राहिलो यंदा. आखडला घोटा चिखलात बरा चालतो.

ता. ११ फेब्रुवारी ४५, रवि.

सकाळी कुंडाच्या वरच्या पायरीवर बसतो. पायऱ्यांवर आता काटेरी फाटी लावलीय, पाणी वरूनच दोरानं काढायचं, हे भगताच्या तोंडून वदवून घेतलं. येईल त्याचे पाय बघतो. घोटा, पोटरी, पाऊल. आधी बाया लाजायच्या, आता आपणहून पाय पुढं करतात. "बघ बाबा, सावकार, हाय का काय तुझं आमच्यात?"

कोंडाबाचे मी रोज बघतो. तो मुद्दाम पाय माझ्या मांडीवर टाकतो न तंबाखू मळत बसतो. काल काटा निघाला. मावशीनं देवापुढं साखर ठेवली.

यंदाही भरती आहे म्हणे. मु. विचारत होता. म्हटलं, पावसानंतर बघू.

ता. ४ मार्च, रवि.

शिमगा झाला. वाडीत कोणाला काही नाही. मी जिंकलो म्हणणार होतो, पण अजून तीन महिने आहेत.

कोंडाबा राजूरहून आला. बाजारात पलीकडच्या खोऱ्यातली माणसं भेटली. त्यांच्या वाडीत एका बाईच्या पायाला काहीतरी झालंय. फोड आहे, आग आग होते, भगताला समजेना, दोन कोंबड्या झाल्या. कोंडाबानं विचारलं, मागल्या साली पाडव्याच्या आधी हिरड्याला इकडं आली हुती का ती? ते त्या माणसांना ठाऊक नव्हतं.

काटा असेल. आग्या माशी चावली असेल. पावसाळ्याचं जुनं काही असेल. माझं मन म्हणतं काटाच.

काड्या घेतल्या, चार, तासून. फडकी घेतली. मावशीनं भाकऱ्या बांधल्या. वाट लांब आहे, धार चढून पलीकडं उतरायचं, कोंडाबा म्हणाला मी बी येतो, तुला त्या खोऱ्याची काय माहिती. त्याची उद्या हिवाची पाळी आहे. म्हटलं, राहा. "वाटंत थरथरीन. तू बस जवळ, न ऊन कललं का निघू," म्हणाला.

तिच्या घरी पोचलं की काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलंय. आधी एवढंच सांगायचं: बाई, पाय पाण्यात घालू नको. मी कोण, ते मागनं.